खापर कोणाच्या माथी?

पंधरा ऑगस्ट आठवड्यावर आला की नागपूरजवळच्या आमच्या खापरखेड्यात झेरॉक्सवाल्याकडे पोरांची रांग लागते. चार्टपेपर, स्केचपेन, फेविकॉल आणि वरून पावसाची झड. यंदा भाचा शाळेच्या प्रदर्शनासाठी एक चित्र छापून घेऊन आला. टेबलावर पसरलं आणि म्हणाला, "मामा, हे १८५७ चं. खाली काय लिहू?"

चित्र ओळखीचं होतं. तुम्हीही पाहिलं असणार. उघडं मैदान, एका रांगेत तोफा, प्रत्येक तोफेच्या तोंडाला पाठीनं बांधलेला एक माणूस. सगळ्यात पुढचा म्हातारा, पांढऱ्या दाढीचा, मान टाकलेला. बाजूला शिस्तीत उभे गोरे तोपची.

"हे १८५७ चं नाही," मी म्हटलं.

"काहून? सगळीकडे तर तसंच लिहून राहिले."

त्याचा प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायला बसलो आणि संध्याकाळ त्यातच गेली, कारण हे एक चित्र उलगडायचं तर रशियातून निघून मुंबई, सातारा, पंजाब करत नागपूरच्या टाकळीपर्यंत यावं लागतं.

आधी टोपी बघा

लढाईचं चित्र वाचायचं तर चेहऱ्याआधी कपडे बघावेत. चेहरा चित्रकार मनातून काढू शकतो, पण गणवेश तो बहुधा डोळ्यांसमोरचाच काढतो. या चित्रातल्या तोपच्यांचे गणवेश १८५७ चे नाहीत, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतले आहेत. चित्र काढलं १८८४ च्या सुमारास. काढणारा रशियन, वसिली वेरेश्चागिन. आणि त्याच्या शीर्षकाचा अर्थ एवढाच: इंग्रजांनी मोडलेलं भारतीय बंड. त्यात साल नाही. ते साल आपण चिकटवलं.

तोफेला बांधलेल्यांचे पांढरे कपडे आणि दाढ्या पाहून पुष्कळांना पंजाबातले कुके, म्हणजे नामधारी शीख आठवतात. जानेवारी १८७२ मध्ये मलेरकोटल्याला दोन दिवसांत साठाहून अधिक कुक्यांना तोफांनी उडवलं गेलं. पहिल्या दिवशीच्या तोफा डागल्या त्या कावन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं. खटला नाही, वरिष्ठांची परवानगी नाही. पुढे सरकारनं त्याला नोकरीतून काढलं. वेरेश्चागिन भारतात आला तो या घटनेनंतर दोनच वर्षांनी. तेव्हा चित्रातली माणसं १८५७ ची की १८७२ ची, हा वाद जुना आहे. माझं मत विचाराल तर त्यानं एक दिवस रंगवलाच नाही. त्यानं एक रीत रंगवली. गणवेश बदलला तरी रीत चालू आहे, हे त्याला दाखवायचं होतं, म्हणून अंगावर ताजे गणवेश.

लंडनला १८८७ मध्ये ग्रॉव्हनर गॅलरीत त्याची चित्रं लागली. तोफांचं हे चित्र पाहून इंग्रज चिडले. असलं आम्ही आता करत नाही, असा त्यांचा सूर. टोपीकडे बोट दाखवलं की राग येतो तो असा.

एकाला तीन

हे चित्र एकटं नव्हतं. त्याचं त्रिकूट होतं, तिन्ही चित्रं देहदंडाची. एकात रोमन लोकांनी दिलेला क्रूस, दुसऱ्यात हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या तोफा, तिसऱ्यात रशियातली फाशी. तिसरं महत्त्वाचं. इंग्रजांना दूषण देणाऱ्या रशियन माणसानं स्वतःच्या झारचा फाशीचा दोरही त्याच भिंतीवर टांगला. भाच्याला हे आवडलं. "म्हणजे त्यानं स्वतःच्या घरचंही सोडलं नाही," तो म्हणाला. नाहीच सोडलं.

१८९१ मध्ये न्यूयॉर्कला त्याच्या चित्रांचा लिलाव झाला. तोफांचं मूळ चित्र आज बेपत्ता आहे. इंग्रजांनीच विकत घेऊन नष्ट केलं अशी वदंता चालत आली, पण ती वदंताच. आपल्या पुस्तकांत, फलकांवर, भाच्याच्या चार्टवर जे आहे ते छापील प्रतीच्या प्रतीची प्रत.

मुंबईहून गेलेला नकार

वेरेश्चागिनचा जन्म १८४२ चा, चेरेपोवेत्स गावचा. घरच्यांनी आरमाराच्या शाळेत घातलं. तिथं तो पहिला आला आणि मग आरमार सोडून कुंचला धरला. पॅरिसला जेरोम या नामवंत चित्रकाराकडे शिकला. १८६७ मध्ये जनरल काउफमान यानं त्याला मध्य आशियातल्या तुर्कस्तानच्या मोहिमेवर सोबत घेतलं. पुढच्याच वर्षी समरकंदच्या वेढ्यात चित्रकारानं बंदूक उचलली आणि सेंट जॉर्जचा क्रॉस मिळवला. लढाई त्यानं दुर्बिणीतून पाहिलेली नव्हती, हे त्याच्या चित्रांसमोर उभं राहताना लक्षात असू द्यावं.

त्याच मोहिमेची चित्रं १८७४ मध्ये पीटर्सबर्गला मांडली तेव्हा मोठ्या लोकांच्या भुवया चढल्या. मेलेला रशियन शिपाई रणात तसाच पडलाय, वर गिधाडं घिरट्या घालताहेत, असं एक चित्र होतं, 'विसरलेला'. आमचं सैन्य आपल्या माणसाला असं टाकून येत नाही, असा आरोप झाला. वेरेश्चागिननं ते आणि आणखी दोन अशी तीन चित्रं स्वतःच्या हातानं जाळली. 'विसरलेला'वरून मुसोर्गस्की या संगीतकारानं गाणं रचलं. चित्राची राख झाली, गाणं मागे राहिलं. बाकीची तुर्कस्तानची सगळी चित्रं मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह या संग्राहकानं ९२,००० रूबलला घेतली.

त्याच वर्षी तो बायकोला घेऊन हिंदुस्थानात आला, मुंबईला उतरला. इकडे तो पोहोचतो न पोहोचतो तोच तिकडे पीटर्सबर्गच्या अकादमीनं त्याला प्राध्यापकपद देऊन टाकलं. त्यानं मुंबईहून चार ओळींचं पत्र धाडलं: कलेत पदव्या आणि मानमरातब हे घातकच असतात, मला हे पद अजिबात नको. पत्रावर तारीख ऑगस्ट १८७४. रशियातल्या वर्तमानपत्रात ते छापलं गेलं आणि एकच गदारोळ उठला. म्हणजे रशियन कलेच्या इतिहासातला एक गाजलेला नकार आपल्या मुंबईच्या टपालातून गेला. ऑगस्टच्या पावसात, बरं का.

मुंबईहून तो आग्रा, दिल्ली करत सिक्कीमला गेला. जानेवारी १८७५ मध्ये ऐन हिवाळ्यात कांचनजंगेच्या बाजूला वर चढताना गारठून मरता मरता वाचला. पुढे काश्मीर, लडाख, जयपूर. १८८२-८३ मध्ये पुन्हा एक फेरी.

कवट्यांचा ढीग आणि 'खापर' नावाचा शब्द

त्याचं सगळ्यात गाजलेलं चित्र १८७१ चं, 'युद्धाची महापूजा' म्हणावं असं. पिवळं माळरान, मागे पडझड झालेलं शहर, वठलेली झाडं, आणि मधोमध माणसांच्या कवट्यांचा ढीग. त्यावर कावळे. माणूस एकही जिवंत नाही. आधी तो या चित्राला तैमूरच्या विजयाचं नाव देणार होता, कारण तैमूर असे ढीग रचायचा. मग नाव बदललं आणि चौकटीवर अर्पणपत्रिका लिहिली: होऊन गेलेल्या, असलेल्या आणि होणाऱ्या सगळ्या थोर विजेत्यांना.

इथे मला आमच्या गावाचं नाव आठवलं. खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा, हे आपल्याला ठाऊक. पण मूळ संस्कृत शब्द 'कर्पर', आणि त्याचा आणखी एक अर्थ आहे कवटी. मडकं आणि डोकं यांना भाषेनं एकाच शब्दात बसवलंय, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर 'खापर फोडायची' सोय तर आपण रोजच वापरतो. गावाला नाव कसं पडलं तो विषय निराळा. पण वेरेश्चागिनचं ते चित्र मी तेव्हापासून असंच वाचतो: कवट्यांचा, म्हणजे खापरांचा ढीग, आणि चौकटीवर लिहिलंय की हे खापर कोणाच्या माथी फोडायचं. लढाईच्या चित्रांत हे सहसा लिहिलेलं नसतं. तिथं घोडा उधळतो, झेंडा फडकतो, सेनापतीचं बोट पुढे असतं आणि दोष कोणाकडेच जात नाही.

कवट्या जवळून पाहा. कित्येकांवर तलवारीचे वार आहेत, गोळ्यांची भोकं आहेत. ही माणसं रोगानं नाही मेली.

आणि हा ढीग नुसत्या जुन्या गोष्टीतून आलेला नाही. काश्गरचा वलीखान तुरा कवट्यांचे मनोरे रचत असे. त्यानं ऑगस्ट १८५७ मध्ये आडोल्फ श्लागिन्टवाइट या जर्मन प्रवाशाचं डोकं उडवून त्याच ढिगावर टाकलं, ही हकीकत वेरेश्चागिनच्या कानावर आलेली होती. हा आडोल्फ भावांबरोबर १८५४ मध्ये कुठं उतरला होता? मुंबईला. तिथून दख्खन ओलांडून मद्रासला गेला होता. मॉस्कोच्या भिंतीवरच्या त्या ढिगात आपल्या रस्त्यांवरून चाललेला एक माणूस आहे.

बर्फातला पहारेकरी

नागपूरकराला घाम पुसत पाहावं लागेल असं हे चित्र. १८७७-७८ च्या रशिया-तुर्की युद्धात शिपका खिंडीत रशियन सैनिक थंडीनं गोठून मरत होते आणि त्यांचा जनरल रादेत्स्की तारा पाठवत होता: शिपकावर सर्व शांत. वेरेश्चागिननं तेच शब्द घेऊन तीन चित्रं काढली. पहिल्यात पहारेकरी बर्फात उभा आहे. दुसऱ्यात बर्फ बरंच वर चढलंय, तो वाकलाय. तिसऱ्यात नुसता उंचवटा, त्यातून जेमतेम दिसणारा कापडाचा काठ. सरकारी तार तीच.

त्या युद्धात त्याचा एक भाऊ प्लेव्हनाला पडला, दुसरा जखमी झाला. स्वतः तो डॅन्यूब नदीवर सुरुंगाच्या छोट्या बोटीत होता, तिथं जबर जखमी झाला.

त्याच युद्धातल्या विजयाचंही चित्र आहे, शिपका-शेइनोवो. विजयी जनरल स्कोबेलेव पांढऱ्या घोड्यावरून सैन्यासमोरून दौडतोय, शिपाई टोप्या उडवताहेत. पण हे सगळं लांब, अंगठ्याएवढं. जवळ, बघणाऱ्याच्या पायाशी, बर्फात पडलेली प्रेतं. कोणतंही युद्धचित्र हाती आलं की मी आता पहिल्यांदा खालचा एक तृतीयांश भाग बघतो. तिथं चित्रकारानं कोणाला ठेवलंय? वेरेश्चागिननं तिथं मेलेले ठेवले.

१८८१ मध्ये व्हिएन्नात ही चित्रं लागली तेव्हा २६ दिवसांत लाखावर माणसं आली. पुढच्या वर्षी बर्लिनला सेनापती मोल्टकेनं चित्रं पाहिली आणि आपल्या सैनिकांना तिथं जायची बंदी घातली. चित्राला याहून मोठी पावती कोणती द्यायची? १८८५ मध्ये व्हिएन्नातच त्याची धार्मिक चित्रं पाहून एक ख्रिस्ती साधू इतका भडकला की त्यानं चित्रांवर आम्ल फेकलं.

तोफेच्या तोंडी

आपल्या बोलण्यात तीन शिक्षा अजून जिवंत आहेत. कोणाचा कडेलोट होतो, कोणाला हत्तीच्या पायी देतात, कोणाला तोफेच्या तोंडी देतात. पहिल्या दोन आता कमी ऐकू येतात. तिसरी मात्र वीज केंद्रातल्या पाळीवरही ऐकू येते: साहेबांसमोर मलाच तोफेच्या तोंडी दिलं.

तोफेनं उडवणं इंग्रजांनी शोधून काढलेलं नाही. मोगलांच्या काळापासून ते इथं होतं. कंपनीनं ते उचललं आणि नेमानं वापरलं. १७६४ मध्ये बक्सारच्या लढाईआधी मेजर मन्रोनं बंडखोर शिपायांना अशी शिक्षा दिली. त्यातले चार ग्रेनेडियर पुढे झाले आणि म्हणाले, लढाईत उजवीकडची मानाची जागा नेहमी आमची, तेव्हा मरतानाही ती आम्हालाच द्या. त्यांना ती मिळाली. हे चार वेरेश्चागिननं रंगवलेले नाहीत, पण त्याच्या चित्रातली रांग पाहताना मला तेच आठवतात.

मरणापेक्षा वाईट काय होतं, तर देह उरत नसे. कोणाचा अग्निसंस्कार करायचा, कोणाला पुरायचं? भीती बसवायची होती ती मागे राहिलेल्यांच्या मनात.

आणि ही दहशत महाराष्ट्रातही फिरली. साताऱ्याला गेंडामाळावर ८ सप्टेंबर १८५७ ला सतरा जणांना मारलं. कोणाला फाशी, कोणाला गोळ्या, कोणाला तोफेच्या तोंडी. कोल्हापूरला ३१ जुलैच्या रात्री २७ वी पलटण उठली, त्यानंतर तिथंही तोफा वापरल्या. मुंबईत १५ ऑक्टोबर १८५७ ला सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या दोन शिपायांना एस्प्लनेडच्या मैदानावर उडवलं. आजच्या आझाद मैदानाचा तो परिसर. मोर्च्याला, क्रिकेटला, उपोषणाला आपण तिथं जातो.

भाच्यानं इथं मला थांबवलं. "आणि नागपुरात?"

नागपूरचं राज्य १८५४ ला खालसा झालेलं, जखम ताजी. १३ जून १८५७ च्या रात्री टाकळीच्या छावणीतलं घोडदळ उठणार होतं. शहरातून पेटते फुगे आकाशात सोडायचे, ही खूण ठरलेली. पायदळाला सामील करून घ्यायला दिलदार खान नावाचा दफेदार गेला, पण तो पकडला गेला आणि बेत तिथंच फसला. त्याला आणि कटाच्या पुढाऱ्यांना फाशी झाली. भोसल्यांच्या वयोवृद्ध राणी बाकाबाईंनी वजन इंग्रजांच्या बाजूनं टाकलं. कामठीच्या मद्रासी पलटणी हलल्या नाहीत.

खापरखेड्याहून कोराडी, मानकापूर करत नागपुरात शिरलं की टाकळीचा भाग जवळच लागतो. आम्ही दवाखान्याला, बाजाराला त्या रस्त्यानं कितीदा जातो. त्या रात्री तिथं खोगीर कसलेले घोडे आकाशाकडे बघत उभे होते, हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. त्या रात्रीचं चित्र कोणीच काढलं नाही. कोणी काढायला घेतलं तर माझी एकच विनंती राहील: फुगे दाखवू नका, वाट पाहणारे चेहरे दाखवा.

त्याच सुमाराला वरसईत

एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. वेरेश्चागिन दुसऱ्यांदा हिंदुस्थानात हिंडत होता, त्याच सुमारास, १८८३ च्या आगेमागे, पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे आपल्या १८५७-५८ च्या प्रवासाच्या आठवणी लिहीत होते. झाशी पडली तेव्हा हे भटजी शहरातच होते. 'माझा प्रवास' छापून आलं १९०७ मध्ये, चिंतामण विनायक वैद्यांच्या हातून. रशियन चित्रकार आणि कोकणस्थ भिक्षुक एकमेकांना ओळखायचं कारण नव्हतं. पण लढाई दोघांनीही खालून पाहिली, जिथं प्रेतं असतात, पाणी नसतं आणि जीव मुठीत धरून बसलेली माणसं असतात. वेरेश्चागिन वाचायचा तर सोबत मराठी माणसानं गोडसे भटजी ठेवावेत. रशियन टीकाकारांपेक्षा ते जास्त उपयोगी पडतील.

हावडा मेलनं जाता येईल असं

मॉस्को लांब आहे. पण वेरेश्चागिनचं एक अस्सल, अवाढव्य चित्र नागपूरहून एका रात्रीच्या गाडीवर आहे. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये, १८७६ मध्ये जयपुरात निघालेली प्रिन्स ऑफ वेल्सची मिरवणूक. सजवलेले हत्ती, अंबारी, झुली, ऊन. जगातल्या सगळ्यात मोठ्या तैलचित्रांत त्याची गणना होते. तोफांचं चित्र काढणारा आणि हा थाट रंगवणारा हात एकच. मिरवणूक आधीची, तोफा नंतरच्या. भावी सम्राट हत्तीवरून जातो ते त्यानं आधी पाहिलं, आणि ते साम्राज्य कशावर उभं आहे ते आठ वर्षांनी काढलं. ही दोन चित्रं शेजारी शेजारी लावता आली असती तर शिक्षकाला तासभर बोलावंच लागलं नसतं.

शेवटचा प्रवास

साठी ओलांडलेला वेरेश्चागिन १९०४ मध्ये पुन्हा लढाईवर गेला, या वेळी जपानशी. १३ एप्रिलला पोर्ट आर्थरजवळ पेट्रोपाव्लोव्स्क ही युद्धनौका जपानी सुरुंगावर आदळली. ॲडमिरल मकारोव गेला, आणि त्याच बोटीवर असलेला चित्रकारही. ज्याला लहानपणी आरमारातून पळायचं होतं त्याला समुद्रानंच नेलं. देह मिळाला नाही.

रात्री साडेनऊला भाचा स्केचपेन घेऊन बसला. '१८५७' असं आधीच ठळक लिहून ठेवलं होतं, ते खोडलं तर चार्ट खराब दिसणार. शेवटी त्यानं त्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि हळूहळू लिहिलं: 'चित्र : वसिली वेरेश्चागिन, रशिया, १८८४. मूळ चित्र हरवले आहे.' मग थोडी जागा उरली. त्यात त्यानं बारीक अक्षरात गेंडामाळ, एस्प्लनेड, मलेरकोटला आणि टाकळी अशी चार नावं लिहिली. टाकळीपुढं फुग्याचं एक छोटं चित्र काढलं, न पेटलेलं.